लहान मासा जाळ्यापुढे का हरतो

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. पापलेट, बोंबील, बांगडा, सुरमई, घोळ अशी रोजच्या ओळखीची मासळी त्या यादीत आहे. त्याआधी केरळने हे पाऊल उचलले होते. हेतू सरळ आहे : माशाने आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालावीत, मगच तो बाजारात यावा. हा नियम हवाच होता आणि तो उशिरा आला, एवढीच त्याबद्दल तक्रार करता येईल. पण त्याची अंमलबजावणी जिथे होते, तिथे त्याचा उपयोग फार थोडा उरतो. बंदरावर उतरलेल्या टोपलीतला बांगडा पट्टीवर ठेवून मोजला आणि तो आखूड निघाला, तर मालकाला दंड होईल, पण तो बांगडा काही अंडी घालणार नाही. लहान मासा पकडला जायचा की सुटायचा, याचा निकाल त्याआधी काही तास, समुद्रात लागलेला असतो. तो लावण्यात मोठा वाटा असतो माशाच्या स्नायूंचा. शरीराच्या आकारानुसार स्नायूंची ताकद आणि चपळाई कशी बदलते, याची बरीच पक्की माहिती गेल्या सत्तर वर्षांत जमा झाली आहे. मासेमारीचे नियम त्या माहितीवर उभे राहिले, तर ते आजच्यापेक्षा वेगळे दिसतील आणि जास्त उपयोगी पडतील, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात बांगड्यापासूनच करू. बांगडा आडवा कापला की तुकड्याचा बहुतेक भाग फिकट दिसतो आणि दोन्ही कुशींना, कातडीलगत, तांबूस काळपट पट्टा दिसतो. घरात काहीजण तो उग्र लागतो म्हणून काढून टाकतात. हा पट्टा म्हणजे लाल स्नायू. त्याला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, तो ऑक्सिजनवर चालतो आणि दिवसभर न थकता सावकाश पोहण्याचे काम करतो. उरलेला फिकट भाग म्हणजे पांढरा स्नायू. तो एरवी जवळजवळ विश्रांती घेत असतो. शत्रू मागे लागला, भक्ष्यावर झडप घालायची असली किंवा मागून जाळे आले की तो कामाला लागतो. ऑक्सिजनची वाट न पाहता तो साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतो, म्हणून त्याचा जोर प्रचंड असतो आणि तितकाच अल्पजीवी. साठा संपला आणि लॅक्टिक आम्ल साचले की मासा गळून जातो. पुन्हा पूर्ववत व्हायला त्याला कित्येक तास लागतात. माणूस धावून दमला तर त्यापेक्षा लवकर सावरतो, माशाचे तसे नाही.

पोहण्याचा वेग ठरतो तो शेपटीच्या हेलकाव्यांवर. एका कुशीचे स्नायू आकुंचन पावतात, मग दुसऱ्या कुशीचे, आणि शेपटीचा एक पूर्ण हेलकावा होतो. केंब्रिजमध्ये रिचर्ड बेनब्रिज यांनी वर्तुळाकार फिरणाऱ्या पाण्याच्या टाकीत ट्राउट, डेस आणि गोल्डफिश पोहायला लावून त्यांचे चित्रण केले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष मांडला : वेगाने पोहताना मासा शेपटीच्या एका हेलकाव्यात स्वतःच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश अंतर पुढे सरकतो. जातीनुसार हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण हिशेबाला पुरेसा आहे. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या सागरी प्रयोगशाळेतील वॉर्डल यांनी दुसरी बाजू तपासली. पांढऱ्या स्नायूच्या तुकड्याला विजेचा हलका झटका देऊन त्याच्या एका आकुंचनाला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. एका हेलकाव्यासाठी दोन आकुंचने लागतात, तेव्हा स्नायू जितका मंद तितकी शेपटीच्या गतीची कमाल मर्यादा खाली. त्यांना आढळले ते असे, की मासा जितका मोठा तितके त्याचे आकुंचन सावकाश.

म्हणजे लहान मासा जास्त चपळ, असे यातून वाटेल, आणि सर्वसाधारण समजही तसाच आहे. उथळ पाण्यात लहान मासे विजेसारखे सळसळताना दिसतात, त्यामुळे तो समज पक्का होतो. स्वतःच्या लांबीच्या मानाने लहान मासा खरोखरच वेगवान असतो. पण जाळे माशाच्या लांबीच्या मानाने पुढे सरकत नाही, ते मीटरमध्ये सरकते. इथे हिशेब करून पाहावा. ट्रॉलर अडीच नॉट वेगाने जाळे ओढत असेल, तर ते सेकंदाला सुमारे १.३ मीटर पुढे येते. बारा सेंटिमीटरचा बांगडा एका हेलकाव्यात आठ सेंटिमीटर जातो असे धरले, तर जाळ्याच्या पुढे टिकून राहायला त्याला सेकंदाला सोळा हेलकावे मारावे लागतील. चोवीस सेंटिमीटरच्या बांगड्याला आठ पुरतील. लांबी निम्मी, तर गती दुप्पट हवी. आता स्नायू किती देऊ शकतो ते पाहू. ऑल्ट्रिंगहॅम आणि जॉन्स्टन यांनी १९९० मध्ये तेरा ते सदुसष्ट सेंटिमीटर लांबीच्या कॉड माशांचे स्नायूतंतू वेगळे काढून तपासले. पांढरा स्नायू ज्या गतीला सर्वाधिक शक्ती देतो, ती गती सर्वांत लहान माशात सेकंदाला साधारण बारा आवर्तने होती, सर्वांत मोठ्यात पाच. लांबी पाचपट झाली, पण गती निम्म्याच्या आसपास आली, पाचव्या हिश्श्यावर नाही. त्याच प्रमाणात धरले तर लांबी निम्मी झाल्यावर गती सुमारे १.४ पटच वाढते. जाळे दुप्पट मागते आणि स्नायू १.४ पट देतो. लहान मासा हरतो तो या फरकात.

स्नायूंच्या शरीरशास्त्राचे आद्य अभ्यासक आणि नोबेलविजेते ए. व्ही. हिल यांनी १९५० मध्येच एक सुंदर तर्क मांडला होता. आकार सारखा ठेवून प्राणी नुसता मोठा होत गेला आणि त्याच प्रमाणात त्याचा स्नायू मंद होत गेला, तर लहानमोठ्या सगळ्यांचा कमाल वेग एकच निघेल. मासे या तर्कात पूर्णपणे बसत नाहीत. त्यांचा स्नायू लांबीबरोबर मंद होतो, पण लांबीइतका नाही, म्हणून मोठा मासा प्रत्यक्षात जास्त वेगाने पळतो. शिवाय तो टिकतोही जास्त. सोमेरो आणि चिल्ड्रेस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवून देणाऱ्या विकरांचे पांढऱ्या स्नायूतील प्रमाण मोठ्या माशात ग्रॅममागेसुद्धा वाढलेले असते. ऑक्सिजनवर चालणाऱ्या विकरांचे चित्र उलटे असते, ती आकाराबरोबर ग्रॅममागे कमी होत जातात. मोठ्या शरीराला वेगाने पळताना पाण्याचा जो वाढता विरोध सोसावा लागतो, त्याची तरतूद निसर्गाने स्नायूच्या कणाकणात करून ठेवली आहे. मला ही गोष्ट या सगळ्या संशोधनात सर्वांत विलक्षण वाटते.

पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी ट्रॉलच्या तोंडाशी काय घडते ते स्पष्ट दाखवले आहे. मासा जाळे दिसताच लांब पळून जात नाही. तो जाळ्याच्या तोंडापुढे, ते ज्या दिशेने येते आहे त्याच दिशेला तोंड करून, त्याच वेगाने पोहत राहतो. हलत्या जाळ्याच्या मानाने आपली जागा धरून राहण्याची ही उपजत प्रवृत्ती असते. जोवर लाल स्नायूवर भागते तोवर ठीक. वेग त्यापलीकडे गेला की पांढरा स्नायू वापरावा लागतो आणि मिनिटे मोजली जाऊ लागतात. लहान मासा आधी थकतो, वळतो आणि जाळ्याच्या पोटात ढकलला जातो. मोठा अजून पोहत असतो. तो बाजूने निसटू शकतो, किंवा जाळे वर ओढले जाईपर्यंत तग धरू शकतो. आपण जाळ्याला चाळण समजतो : बारीक खाली गळेल, जाडे वर राहील. जाळ्याच्या तोंडाशी मात्र ही चाळण उलटी चालते. तिथे मोठा सुटतो आणि लहान अडकतो. बाजारात लहान मासळीचे प्रमाण इतके का, याचे सगळे उत्तर यात नाही, समुद्रात मुळातच लहान मासे संख्येने जास्त असतात. पण नियम करणाऱ्याने ही उलटी चाळण डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे.

याचा पहिला अर्थ असा, की लहान माशाला सुटायची खरी संधी एकच उरते, ती म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, ज्याला खोळा म्हणतात. तिथे तो पोहोचतो तेव्हा गळालेला असतो आणि आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, अंग काढून घ्यायला पुन्हा पांढऱ्या स्नायूचाच झटका लागतो. नेहमीच्या पद्धतीने विणलेल्या जाळ्याची आस ताण बसला की मिटते. खोळा भरू लागला की ती आणखी मिटते. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, म्हणून तर मत्स्य तंत्रज्ञांनी ट्रॉलच्या खोळ्यासाठी ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली आहे. थकलेल्या लहान माशाला आसाची रुंदी जितकी महत्त्वाची, तितकीच ती उघडी असणे महत्त्वाचे, कारण त्याच्यापाशी दुसऱ्या प्रयत्नाची ताकद नसते. इथेही एक सावधगिरी हवी. स्कॉटलंडमध्ये हॅडॉकवर आणि बाल्टिक समुद्रात हेरिंगवर झालेल्या अभ्यासांत आसातून सुटलेल्या माशांपैकीही काही नंतर मरतात असे दिसले, आणि त्यातही लहानांचे मरण्याचे प्रमाण जास्त होते. थकवा, चेंगराचेंगरी आणि खवले खरवडले जाणे, हे सगळे एकाच वेळी लहान शरीराला झेपत नाही. तेव्हा आस मोठी केली आणि काम झाले, असे समजू नये. दोन-तीन तास एकाच दमात ओढलेले जाळे आणि तासाभरात वर घेतलेले जाळे यांत सुटणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीने फार अंतर आहे. ओढीच्या कालावधीवर मर्यादा घालण्याबद्दल आपल्याकडे बोललेच जात नाही, ते बोलले गेले पाहिजे.

दुसरा अर्थ मोठ्या माशांसाठी आहे आणि तो वेगाशी जोडलेला आहे. अर्धा मीटर लांबीच्या माशाला अडीच नॉटच्या जाळ्यापुढे राहायला सेकंदाला चारच हेलकावे लागतात. साडेतीन नॉटला साडेपाच लागतात. आकडा छोटा दिसतो, पण पाण्यातून पुढे सरकायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग १.४ पट झाला तर शक्ती २.७ पटीहून जास्त लागते. हा नियम माशाला लागू आहे तसाच बोटीलाही. बोटीचा मालक जास्त अश्वशक्तीचे इंजिन बसवून आणि जास्त डिझेल जाळून ही शक्ती विकत घेऊ शकतो. माशाला ती कुठून मिळणार? त्याचा स्नायू जिथे थांबतो तिथे त्याचा बचाव संपतो. मोठ्या, अनुभवी, भरपूर अंडी देणाऱ्या मादीला आजवर तिच्या अंगच्या वेगाने जे संरक्षण दिले होते, ते इंजिनाच्या स्पर्धेत निघून जाते. इंजिनांच्या अश्वशक्तीवरील मर्यादेकडे आपण मोठ्या आणि छोट्या बोटवाल्यांमधले भांडण म्हणूनच पाहतो. ते भांडण खरे आहे, पण माशाच्या बाजूनेही त्या मर्यादेला भक्कम आधार आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल : मोठे मासे वाचवायचे कशाला, ते तर पकडण्यासाठीच आहेत, लहानांना वाचवले म्हणजे झाले. किमान लांबीचा नियम नकळत हेच शिकवतो. अमेरिकेत कॉनोव्हर आणि मंच यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. अटलांटिक सिल्व्हरसाइड नावाच्या छोट्या माशांच्या काही टाक्यांतून त्यांनी प्रत्येक पिढीत मोठे मासे काढून घेतले, काहींतून लहान काढले. चारच पिढ्यांत, मोठे काढलेल्या टाक्यांतील मासे आनुवंशिकरीत्याच सावकाश वाढणारे आणि आकाराने लहान झाले. समुद्र म्हणजे टाकी नव्हे आणि तिथे हा बदल इतका झपाट्याने होईल असे कोणी म्हणत नाही. पण दिशा कळते. शरीर लहान झाले की स्नायूही लहान माशाचा होतो, आणि जाळ्यापुढे टिकण्याची पुढच्या पिढ्यांची क्षमता घटते. म्हणून खालच्या मर्यादेबरोबर मोठ्यांना पळायला वाव राहील अशी वेगमर्यादा हवी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सगळे प्रयोग थंड पाण्यातल्या कॉड आणि ट्राउटवर झालेले, आपला अरबी समुद्र उबदार, आपली मासळी वेगळी, तर ते इथे कसे लागू करायचे? उबदार पाण्यात स्नायूंचे आकुंचन जलद होते हे खरे आहे आणि म्हणून वरचे आकडे इथे जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. पण उष्णता लहान आणि मोठ्या दोघांनाही वर उचलते, दोघांमधला फरक त्याने मिटत नाही. उलट उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि लाल स्नायू तर त्याच्यावरच जगतो. आपल्या किनाऱ्यापुढे याची आणखी एक बाजू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन फार घटतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी उठते ती नेमकी याच काळाच्या तोंडावर. असे पाणी टाळून बरेच मासे दुसरीकडे जातात, वरच्या थरात किंवा किनाऱ्याजवळ दाटी करतात. जे त्याच्या कडेला राहतात त्यांना दमछाक लवकर होणार. हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत तळाशी ओढायच्या जाळ्यांना निदान किनाऱ्यालगत सबुरीचा नियम लावण्याचे हे एक सबळ कारण आहे.

गढूळ पाण्याचा मुद्दाही प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. मुंबई-पालघरपुढचे पाणी इतके गढूळ असते की माशाला जाळे दिसतच नसेल, मग तो त्याच्यापुढे पोहणार कसा? खरे आहे, अंधारात मासे जाळ्यापुढे रांग धरत नाहीत, हे ॲबर्डीनच्याच संशोधकांनी नोंदवले आहे. पण मग मोठ्या माशाचा फायदा घटतो, लहानाचा तोटा काही कमी होत नाही. खोळ्यातली परिस्थिती तीच राहते.

आपल्या किनाऱ्याची खरी कसोटी लागते ती डोलीच्या जाळ्यापाशी. डोल कोणाचा पाठलाग करत नाही. ती भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून एका जागी बांधलेली असते आणि प्रवाहाविरुद्ध जो पोहू शकत नाही तो तिच्यात येतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरदार म्हणून डोलीला मासळी जास्त, भांगाच्या दिवसांत कमी, हे कोणताही तांडेल सांगेल. त्याचे हे ज्ञान आणि प्रयोगशाळेतले ज्ञान एकच आहे : प्रवाहाचा वेग हा इथे जाळ्याचा वेग. बोंबील त्यात येतो कारण त्याचे अंगच पाणीदार, ढिले. पण त्याच प्रवाहात पापलेटची पिल्लेही वाहत येतात, कारण त्यांच्या इवल्या शरीरातला स्नायू त्या ओढीला पुरा पडत नाही. पापलेटच्या बाबतीत आस रुंद करूनही फार साधत नाही, कारण त्याचे अंग उंच आणि चपटे, ते आसात अडते. इथे उपाय उरतो तो जागेचा आणि वेळेचा : पिल्ले ज्या उथळ पट्ट्यात, ज्या आठवड्यांत असतात, तिथे त्या काळात, विशेषतः उधाणाला, डोल न लावणे. २०२३ मध्येच पापलेटला राज्याचा मासा म्हणून मान दिला गेला. त्या मानाचा खर्च मात्र डोलीवर पोट असलेल्या छोट्या कोळ्याच्या माथी मारता कामा नये. त्या आठवड्यांची भरपाई सरकारने द्यावी, आणि ती बंदीच्या काळात मिळावी. वर्ष उलटल्यावर मिळालेल्या पैशाने चूल पेटत नाही.

उत्पन्नाचा प्रश्न ट्रॉलरवाल्यांचाही आहे. कोळंबी मुळातच लहान, आस मोठी केली की तीही काही प्रमाणात जाणार. हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. मात्र खोळ्यात येणाऱ्या पिल्लांचा मोठा भाग खाण्यासाठी विकलाच जात नाही, तो भुकटी आणि खताच्या कारखान्यांकडे कवडीमोल दराने जातो. वेग कमी केला तर डिझेलमध्ये होणारी बचत त्याच घनाच्या हिशेबाने मोठी असते. तरीही पहिल्या एक-दोन हंगामांत उत्पन्न घटेल, आणि त्यासाठी नव्या खोळ्याचा खर्च तरी शासनाने उचलावा ही मागणी रास्त आहे.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. हजारो बोटींतील टोपल्या मोजायला माणसे कुठून आणायची, असे मत्स्यव्यवसाय खातेही विचारते, आणि ते बरोबर आहे. लांबीचा नियम तपासायला प्रत्येक बंदरावर माणूस लागतो. वेगाचा आणि ओढीच्या कालावधीचा नियम तपासायला तितकी माणसे लागत नाहीत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून देशभरातील एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याचे काम हाती घेतले आहे. उद्देश वादळाचा इशारा आणि सुरक्षितता हा आहे, पण बोट कुठे होती याच्या नोंदींवरून ती किती वेगाने आणि किती वेळ जाळे ओढत होती याचा अंदाज किनाऱ्यावर बसून काढता येतो. जीव वाचवण्यासाठी बसवलेले यंत्र उद्या दंडाची पावती फाडायला वापरले जाईल, ही मच्छीमारांची भीती त्यामुळे वाढेल, आणि भीती वाढली की यंत्र बंद ठेवले जाईल. म्हणून नोंदी कोण पाहणार, कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, हे मच्छीमार सहकारी संस्थांशी बसून आधी लेखी ठरवावे. वेगाची मर्यादाही त्याच बैठकीत, आपल्या पाण्यात आणि आपल्या मासळीवर चाचण्या घेऊन ठरवता येईल. मत्स्यशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था मुंबईत आणि कोचीत आहेत, टाकीत बांगडा पोहायला लावून त्याच्या शेपटीचे हेलकावे मोजण्याचे काम त्यांना सहज जमण्यासारखे आहे.